हर्णैच्या पडवीत फ्वा ग्रा

हरिहरेश्वरहून दापोलीकडे जायचं असेल तर महाडवरून लांबचा वळसा घेऊ नका, बागमांडल्याला गाडी सरळ फेरीबोटीत घाला. सावित्री इथे समुद्राला मिळते. अलीकडे रायगड, पलीकडे रत्नागिरी. वेसवीला उतरून बाणकोटमार्गे वेळासला पोचता येतं. मार्च महिना होता. वेळासला कासवाची पिल्लं बघायची आणि मग हर्णैला मासे खात पडून राहायचं, एवढाच आमचा बेत. फ्रान्समधल्या बदकांचा त्यात काही संबंध नव्हता. तो आणला हर्णैच्या आमच्या यजमानांच्या मुलानं.

मुलगा क्रूझवर स्वयंपाकी आहे, सुट्टीवर घरी आला होता. संध्याकाळी तोच आम्हाला लिलावाला घेऊन गेला. हर्णैचा लिलाव ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी सुवर्णदुर्ग एक वेळ राहू द्यावा, पण लिलाव चुकवू नये. मोठ्या होड्या खोल पाण्यात उभ्या राहतात, तिथून माल किनाऱ्यावर येतो, बैलगाड्या चाकं बुडेपर्यंत पाण्यात शिरतात. वाळूवर ढीग पडतात आणि त्याभोवती बायकांचं कोंडाळं. आकडा कुणी कधी बोललं आणि माल कुणाला गेला, हे आपल्याला कळेपर्यंत पुढचा ढीग सुरू झालेला असतो. आमच्या शेफनं त्या गर्दीतून एक सुरमई आणि पिशवीभर जिवंत कुर्ल्या मिळवल्या.

घरी मागच्या पडवीत काकू त्या साफ करायला बसल्या. आधी डेंगे मोडायचे, मग पाठीचं कवच उचकटायचं. कुर्लीचे पाय शेवटपर्यंत हलत असतात. बायकोनं तोंड फिरवलं.

"वहिनी, एवढ्यानं तोंड फिरवताय? आमच्या बोटीवरचं फ्वा ग्रा कसं तयार होतं ऐकलंत तर आज जेवणार नाही," मुलगा म्हणाला.

आधी त्यानं भाजायची रीत सांगितली, आणि ती सांगताना त्याचा चेहरा खुलला, हे नोंदवायला हवं. फ्वा ग्रा म्हणजे बदकाची चरबी चढलेली कलेजी, तिचा दोन बोटं जाडीचा काप. तवा कडकडीत तापलेला आणि कोरडा, तेलाचा थेंब नाही. काही सेकंद एका बाजूनं, काही सेकंद दुसऱ्या. जरा उशीर झाला की सगळी चरबी वितळून तव्यात, आणि मुख्य शेफ अंगावर. वरून तपकिरी, आत लोण्यासारखं मऊ. एका प्लेटचे पैसे ऐकून काका उठून आत गेले.

मग दुसरी बाजू. नर बदक साधारण तीन महिन्यांचं होईपर्यंत बरंच मोकळं वाढतं. शेवटचे बारा ते पंधरा दिवस रोज दोनदा त्याच्या घशातून नळी घालून मक्याचा लगदा पोटात सोडतात. यकृत नेहमीच्या सहा ते दहा पट फुगतं, आणि मग कापतात. मादी पिल्लांचं यकृत या धंद्याला कमी प्रतीचं वाटतं, म्हणून त्यातली बहुतेक अंड्यातून बाहेर पडल्यावर लगेच मारली जातात. हे सगळं आजचं फॅडही नाही. इजिप्तमध्ये सक्काराच्या थडग्यांवर चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची चित्रं कोरलेली आहेत. त्यांत माणसं पक्ष्यांच्या चोचीत खाणं कोंबताना दिसतात.

मी या विषयावर थोडं वाचलं होतं, त्यामुळे जुंपली. त्याचे मुद्दे धंद्यातल्या लोकांचेच होते. बदक अख्खा मासा गिळतं, त्याला आपल्यासारखी उबळ येत नाही. रानातले पक्षी लांब उडण्याआधी आपणहून अंगात चरबी साठवतात. भरवणं थांबवलं तर यकृत पूर्ववत होतं. उबळीचं सोडलं तर यातलं बरंचसं खरं आहे. पण फ्वा ग्रासाठी वापरतात ते बदक मस्कोव्ही आणि पेकिन जातींचा संकर आहे, ते कुठे स्थलांतर करत नाही. आणि यकृत पूर्ववत व्हायला बदक जिवंत राहायला हवं. युरोपियन आयोगाच्या शास्त्रज्ञांच्या समितीनं 1998 मध्येच लिहून ठेवलंय की सध्याच्या पद्धतीचं सक्तीचं भरवणं पक्ष्यांच्या हिताला बाधक आहे.

तरी फ्रान्सनं 2006 मध्ये कायदा करून फ्वा ग्राला आपला सांस्कृतिक वारसा ठरवलं. गंमत अशी की त्या कायद्यात सक्तीनं भरवणं हे व्याख्येतच आहे. स्पेनमध्ये एदुआर्दो सोउसा नावाचा शेतकरी नळी न घालता, शरद ऋतूत आपणहून खाऊन लठ्ठ झालेल्या हंसांची कलेजी विकतो. त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात त्याला बक्षीसही मिळालं. पण फ्रेंच कायद्याच्या लेखी ते फ्वा ग्रा नाही. माझा खरा आक्षेप इथे आहे. जीव मारून खाण्याला माझा विरोध असता तर मी हर्णैला गेलोच नसतो. पण इथे आजारी पाडलेला अवयव हाच पदार्थ आहे. बदक निरोगी राहिलं तर विकायला काही उरतच नाही.

"मग बंदी घाला," तो म्हणाला.

घातलीच आहे की. भारतानं 2014 मध्ये फ्वा ग्राची आयात बंद केली. जर्मनी, ब्रिटन, इटली, पोलंड यांनी आपल्याकडे ते बनवायला मनाई केली. शिकागोनं 2006 मध्ये हॉटेलांत बंद केलं आणि 2008 मध्ये परत चालू केलं. कॅलिफोर्नियाचा कायदा 2004 चा, लागू झाला 2012 मध्ये, आणि पुढे वर्षानुवर्षं कोर्टात. पण आपल्या बंदीचं मला फारसं कौतुक नाही. पंचतारांकित हॉटेलांतली थोडी गिऱ्हाइकं सोडली तर आपल्याकडे ते खात कोण होतं? जे आपल्या ताटात नाही ते सोडायला काय लागतं!

सोडणं म्हणजे काय ते आम्ही वेळासला ऐकून आलो होतो. ऑलिव्ह रिडले मादी रात्री वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालून निघून जाते. पूर्वी गावातली माणसं माग काढत जायची, घरटं उकरायची, अंडी खायची नाहीतर विकायची. फुकटचं, पौष्टिक, पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. कासव मारणं आणि अंडी काढणं दोन्ही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा होता, पण कायद्याचा कागद वाळूपर्यंत पोचला नव्हता. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं वेळासला काम सुरू केलं. आता तोच माग काढून अंडी जाळीच्या कुंपणात हलवतात, पिल्लं पाण्यात सोडतात, आणि ते बघायला आमच्यासारखे लोक येऊन गावातल्या घरांत पैसे देऊन राहतात. त्यामुळे घरात पैसा आला हे खरंच, पण आधी हातचा घास सोडावा लागला.

काकूंचं लक्ष होतं तर. "आमचे मामंजी खायचे कासवाची अंडी," त्या म्हणाल्या. "आता नाय कोण खात." आणि कुर्लीचं कवच बादलीत टाकलं. त्या कुर्लीबद्दलही बाहेर कायदे होऊ लागलेत. स्वित्झर्लंडमध्ये 2018 पासून लॉबस्टर जिवंत उकळायला बंदी आहे, ब्रिटननं 2022 मध्ये खेकड्यांना वेदना जाणवतात हे कायद्यात मान्य केलं. मी हे काकूंना सांगितलं नाही. बर्फात ठेवून आधी बधिर कराव्यात, असं शेफनंच सांगितलं. काकूंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

पावसाळ्यातल्या बंदीबद्दल मात्र घरात एकमत होतं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्या बंद. अंडी घालायच्या दिवसांत मासळीला उसंत हवी. "आणि गाबोळी तळलेली कुणाला आवडते?" मुलानं विचारलं. सगळ्यांनाच आवडते.

मग त्यानं मला कोंडीत पकडलं. "तुम्ही पुण्यात बॉयलर कोंबडी खाता ना? सहा आठवड्यांत दोन किलोची होते. कितींना धड चालता येत नाही. तिला नळी लागत नाही, कारण भूक आणि वाढ तिच्या जातीतच भरून ठेवलीय. आणि बदकांपेक्षा कोंबड्या किती पट!"

यावर माझ्याकडे एकच उत्तर होतं. कोंबडी हळू वाढवली तरी कोंबडीच राहते, महाग पडते एवढंच. फ्वा ग्राला तशी सोय नाही. "म्हणजे तुम्हाला सोय आहे आणि तुम्ही ती वापरत नाही," तो म्हणाला. वर वहिनींकडे बघून हसला. वहिनीही हसल्या.

मे महिन्यात तो परत बोटीवर जाणार आहे. मेनूवर फ्वा ग्रा असणार आणि तोच ते भाजणार. त्यानं नाही म्हटलं तर शेजारचा भाजेल. आम्ही उतरलो होतो ती न्हाणीघरासकट नवी खोली त्याच पगारातून बांधलेली आहे, हे काकांनी आम्हाला आल्या आल्याच सांगितलं होतं. त्यामुळे नोकरीबद्दल मी तोंड उघडलं नाही. काकूंनी रस्सा वाढायला घेतला आणि मोठे डेंगे कुणाला हवेत ते विचारलं. पहिला हात बायकोनं वर केला.