बिननात्याच्या गाई शोधताना

गवळाऊ गाईच्या जनुकीय विविधतेवर पदव्युत्तर प्रबंध करायचा, तर पहिली अट ही की नमुन्यातली जनावरं एकमेकांच्या नात्यातली नकोत. एकाच आजीच्या पाच नाती तपासून अख्ख्या जातीबद्दल बोलता येत नाही. कागदावर हे एका ओळीत मावतं. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी, कारंजा, आष्टी भागात या गाई पाळणाऱ्या नंदगवळ्यांकडे मात्र वंशावळीच्या वह्या नसतात.

नागपुरातून आम्ही अंधारातच निघायचो, कारण कळप एकदा जंगलात चरायला गेला की संध्याकाळपर्यंत हाती लागत नाही. आईकडची साखळी गवळ्यांना तोंडपाठ असते. ही कोणाची, तिची आई कोणत्या कोठ्यातून आली, सगळं न अडखळता सांगतात. बापाचं विचारलं की हसायचे. "ते जंगलातली गोष्ट हाय पोरी. गोऱ्हा कोनाचा होता, कोन सांगन?"

मग मी विचारायचे, "बाबाजी, त्या साली गावात मोकळे गोऱ्हे कोणते होते?" हे बरोबर आठवायचं. एखादा गोऱ्हा शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, नाव काढलेल्या बैलाच्या घराण्यातला असेल तर विचारूच नका, त्याची सात गावांत कीर्ती. अशा गोऱ्ह्याला शेजारची गावंही मागणी घालतात, म्हणजे नकाशावर लांब दिसणाऱ्या दोन गावांतल्या कालवडी सावत्र बहिणी निघू शकतात. त्यामुळे गावांऐवजी गोऱ्ह्यांची यादी केली आणि त्या यादीवरून गाई निवडल्या. प्रबंधात या कामाला दोन वाक्यं मिळाली. माझ्या मते तेच खरं काम होतं.

रक्त घेताना दोन शंका हमखास यायच्या. एक, दूध आटेल. तीनशे किलोच्या गाईच्या अंगात सुमारे अठरा-वीस लिटर रक्त असतं, आम्ही मानेच्या शिरेतून आठ-दहा मिली काढतो, हे सांगितलं की बहुतेकांचं समाधान व्हायचं. दुसरी शंका सरकारी नोंदीची, आणि तिथे आकडे चालत नाहीत. चहा घ्यावा लागतो, आधी कोणाच्या कोठ्यावर जाऊन आलात ते सांगावं लागतं. ज्यांनी नाही म्हटलं त्यांच्या गाईला हात लावला नाही.

जांभळ्या बुचाची नळी रक्त भरल्यावर हळूच उलटीपालटी करायची, झटकायची नाही, आणि लगेच बर्फाच्या डब्यात. विदर्भातल्या मे महिन्यात तो बर्फ टिकवणं हा स्वतंत्र उद्योग आहे. प्रयोगशाळेतलं डीएनए काढणं त्या मानाने ठरलेलं काम. गाईच्या तांबड्या पेशींत केंद्रकच नसतं, सगळा डीएनए पांढऱ्या पेशींतून मिळवावा लागतो. कोंबडीवर काम करणाऱ्यांचा तेव्हा हेवा वाटायचा, त्यांना थेंबभर रक्त पुरतं.

खरी डोकेदुखी चिपची. गाईच्या जनुकसंचात गुणसूत्रांच्या 30 जोड्या. त्यावरच्या सुमारे 54 हजार ठरावीक जागा वाचणारी चिप जगभर वापरली जाते. पण त्या जागा मुख्यतः युरोपीय वंशाच्या गाईंमध्ये फरक दिसतो म्हणून निवडलेल्या आहेत. वशिंडाच्या, म्हणजे आपल्या देशी गाईंमध्ये त्यातल्या बऱ्याच जागांवर सगळ्यांचं डीएनएचं अक्षर एकच येतं. ते आकडे जसेच्या तसे मांडले तर आपल्या गाईंत विविधता कमी असल्याचं चित्र उभं राहतं. पूर्ण जनुकसंच वाचला की उलट दिसतं, वशिंडाच्या गाईंत विविधता जास्तच असते. देशी गाईंसाठी हैदराबादच्या संस्थेने 2021 मध्ये 'इंडिगौ' ही चिप आणली, 11,496 जागांची. तिच्यावर जागा कमी आहेत, पण निवड आपल्या जनावरांकडे बघून केलेली. ज्या प्रबंधांत चिप कोणती वापरली हे तळटीपेत लपवलेलं असतं, त्यांच्या निष्कर्षांवर मी आता सहज विश्वास ठेवत नाही.

मला सर्वांत भावलेली मोजणी एकसारख्या पट्ट्यांची. आई आणि बाप दोघांकडे एकाच पूर्वजाचा तुकडा आला असेल, तर वासराच्या दोन्ही गुणसूत्रांवर अक्षरं लांबपर्यंत जुळत जातात. दर पिढीत गुणसूत्रांची देवाणघेवाण होते आणि असे पट्टे तुटत जातात. म्हणून लांबीवरून नातं किती जुनं ते कळतं. 16 दशलक्ष अक्षरांहून लांब पट्टा म्हणजे साधारण तीन पिढ्यांच्या आतलं नातं. आखूड पट्टे फार जुने. ज्या बापाचं नाव जंगलात राहिलं, त्याचा मागमूस असा लागतो. नाव नाही कळत, पण तो आईच्या घरचाच होता का, हे कळतं.

मांसासाठी जोपासलेल्या जातींमध्ये हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर दिसतो. ब्राझीलची नेलोर ही जात आपल्याकडच्या ओंगोलची, म्हणजे दिसायला गवळाऊच्या जवळच्या गाईची, संतती. तिथे ती मांसासाठी वाढवतात आणि संख्या कोट्यवधींत आहे. पण नामवंत वळू मोजके, त्यांचं वीर्य सगळीकडे. जनावरं कोट्यवधी असली तरी बाप थोडेच असतील तर विविधता आकसते. आपली गवळाऊ शेतीकामाची, तिची संख्याही थोडी, पण जंगलातल्या त्या बेहिशेबी गोऱ्ह्यांमुळे तिचं थोडं भलंच होत असावं, असं मला वाटतं. मोकळे गोऱ्हे खच्ची करून एकाच निवडक वळूवर गाव चालवा, असा सल्ला देताना म्हणूनच दहादा विचार करावा.

प्रबंध जमा झाल्यावर गवळ्यांना सांगायला गेले, तेव्हा आलेख कोणीच मागितला नाही. एका बाबाजींनी सरळ विचारलं, "मंग आता गोऱ्हा कोनाकडचा आनू?" बाप-लेकीच्या जोडीत होणाऱ्या वासराचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे दोन्हीकडून एकाच पूर्वजाचा तुकडा येण्याची शक्यता, 25 टक्के, सावत्र भावंडांच्या जोडीत साडेबारा. एक गोऱ्हा त्याच कळपात तीन-चार वर्षं राहिला की त्याच्या लेकी माजावर येतात. त्याआधी तो हलवा, एवढंच मी सांगितलं, आणि यादीतून नात्यात न बसणाऱ्या दोन कोठ्यांची नावं काढून दिली. बाबाजींनी त्यातलं एक तिथल्या तिथे बाद केलं, शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, जुना वाद होता म्हणे. दुसऱ्या कोठ्याशी अदलाबदल ठरली. तालुक्याच्या डॉक्टरांनी दोन्ही गोऱ्ह्यांची ब्रुसेलोसिस आणि क्षयाची चाचणी करून घेतली, मग ते हलवले.