तुम्ही विचारलंत म्हणून: या वयात वजनं कशाला उचलता?

गेली चार वर्षे हा प्रश्न मला निरनिराळ्या तोंडून ऐकू येतो: “या वयात वजनं कशाला उचलता?” विचारणाऱ्या बहुतेक बायकाच असतात आणि बहुतेकींनी पन्नाशी ओलांडलेली असते. काहींच्या स्वरात काळजी असते, काहींच्या स्वरात कुतूहल. काहीजणी आवाज खाली आणून विचारतात, तेव्हा त्यांना खरे तर स्वतःबद्दल विचारायचे असते हे माझ्या ध्यानात येते. उभ्याउभ्या मी “हाडांसाठी” एवढेच म्हणते आणि ते उत्तर अपुरे असल्याची रुखरुख घेऊन पुढे जाते. आज ते पुरते लिहिते आहे.

मी ६४ वर्षांची आहे. आठवड्यातून दोन दिवस मी व्यायामशाळेत जाते, बारबेल, म्हणजे दोन्ही टोकांना वजने लावलेली लांब दांडी, जमिनीवरून उचलते, खांद्यांवर घेऊन उठाबशा काढते आणि त्याहून हलकी बारबेल डोक्यावर नेते. त्याआधी, म्हणजे साठीपर्यंत, मी हातात कधी डंबेलही धरलेले नव्हते.

माझी पाळी ५० व्या वर्षी गेली. ५८ व्या वर्षी एका सकाळी दाराशी पायपुसण्यावरून पाय सरकला, तोल सावरायला मी उजवा हात पुढे केला आणि सगळे अंग त्या तळव्यावर आले. मनगट मोडले. हाड बसवले गेले, सहा आठवडे प्लास्टर राहिले, नंतर बोटांचे आणि मनगटाचे व्यायाम झाले. या उपचारात उणे काढावे असे काहीच नव्हते. उणे राहिला तो एक प्रश्न, जो त्या दवाखान्यात मला कोणी विचारला नाही. उभ्या उंचीवरून पडल्याने निरोगी हाड सहसा मोडत नाही. पाळी गेलेल्या बाईचे मनगट तसे मोडले, तर हाडे आतून विरळ झाली आहेत का, हे तपासून पाहायला हवे. डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी मनगटाच्या या मोडीचे वर्णन १८१४ मध्येच केले होते आणि आजही ती त्यांच्या नावाने ओळखली जाते, इतकी ती नेहमीची आहे. पुष्कळ बायकांच्या बाबतीत हाडे ठिसूळ झाल्याची ती पहिली खूण असते. मला मात्र “पडलात म्हणून मोडलं” असे सांगितले गेले, आणि मीही ते मानले. पुढे दीड वर्षाने, निराळ्याच कारणासाठी गेले असता, दुसऱ्या एका डॉक्टरबाईंनी माझ्या मनगटावरून बोट फिरवत “हे कधी झालं?” असे विचारले आणि हाडांच्या घनतेची तपासणी लिहून दिली. ते वाया गेलेले दीड वर्ष मला अजून सलते.

घनतेची तपासणी म्हणजे दहा-पंधरा मिनिटे स्वस्थ पडून राहणे. दुखत नाही, टोचत नाही, आणि लागणारे क्ष-किरणही अगदी थोडे. कण्याची आणि खुब्याची घनता तरुण स्त्रीच्या सरासरी घनतेशी ताडून एक आकडा काढतात; तो उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर त्याला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा आजार म्हणावे, ही रेषा जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये आखली. माझ्या कण्याचा आकडा उणे २.८ होता.

तो कागद हातात आला तेव्हा मला आईची पाठ आठवली. सत्तरीनंतर ती हळूहळू वाकत गेली. ज्या फळीवरचे डबे ती टाचा न उचलता काढत असे, तिथे तिचा हात पोचेनासा झाला. मग ते डबे आम्ही खालच्या फळीवर आणले, आणि काही वर्षांनी त्याच्याही खालच्या. डबे हलवत राहिलो. तिची उंची मोजावी हे आम्हा कोणाला सुचले नाही. ठिसूळ झालेला मणका नुसत्या वाकण्याने किंवा खोकल्यानेही दबू शकतो, आणि दुखलेच तर कंबर धरली म्हणून शेक घेऊन बाई कामाला लागते. मणक्यांच्या अशा बहुतेक मोडी ओळखल्याच जात नाहीत. तरुणपणच्या उंचीत सुमारे चार सेंटिमीटरची घट झाली असेल, तर ते “वय झालं” म्हणून सोडून देऊ नये, हे मला तेव्हा ठाऊक असते तर आईच्या बाबतीत काही वेगळे घडले असते असे मला फार वाटते.

हाड हे एकदा बांधून झाले की तसेच टिकणारे बांधकाम असते, असा माझा समज होता. प्रत्यक्षात ते आयुष्यभर मोडले आणि घडवले जात असते. एका प्रकारच्या पेशी जुने हाड खरवडून काढतात, दुसऱ्या प्रकारच्या पेशी त्या जागी नवे भरतात, आणि या रीतीने प्रौढ माणसाचा सांगाडा साधारण दहा वर्षांत नवा होतो. खरवडणाऱ्या पेशींना आवर घालण्याचे काम इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन करते. पाळी जाताना ते कमी झाले की काढणे वाढते आणि भरणे मागे पडते. ही झीज सर्वांत वेगाने होते ती शेवटच्या पाळीच्या सुमारे एक वर्ष आधीपासून पुढची दोन वर्षे. नंतर ती मंदावते, पण थांबत नाही. म्हणजे अंगाची लाही, रात्रीचा घाम आणि उडालेली झोप यांनी बाई बेजार झालेली असते नेमक्या त्याच दिवसांत तिचे हाडही उतरणीला लागलेले असते. घाम तिला कळतो, हाड कळत नाही.

आता वजनांकडे येते. हाडावर जसा भार पडेल तसे ते स्वतःला घडवते, हे तत्त्व जर्मन शल्यचिकित्सक यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले. टेनिसपटूचा रॅकेट धरणारा हात दुसऱ्या हातापेक्षा जाड हाडांचा असतो. उलट, भार नाहीसा झाला की काय होते ते अंतराळवीरांमध्ये दिसते: अवकाशात त्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता दर महिन्याला एक ते दीड टक्का कमी होते. हे वाचल्यावर मी चालण्याचा विचार करू लागले, कारण मी वीस वर्षे नेमाने चालत आले होते आणि तरी माझा आकडा उणे २.८ निघाला होता. चालणे मी आजही सोडलेले नाही. हृदयाला, झोपेला आणि मनाला ते हवेच. पण ज्या भाराची हाडाला रोजची सवय आहे, तो भार त्याला नवे काही घडवायला लावत नाही. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाच्या संशोधकांनी विरळ हाडांच्या, पाळी गेलेल्या १०१ स्त्रियांना दोन गटांत विभागले. एका गटाला घरी हलका व्यायाम दिला, दुसऱ्याला प्रशिक्षकाच्या नजरेखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, चांगली जड वजने उचलायला शिकवले. त्यांचे सरासरी वय ६५ होते. आठ महिन्यांनी जड वजने उचलणाऱ्यांच्या कण्याची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढलेली होती आणि हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटलेली होती. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. “आता जड काही उचलू नका” असे तोवर ज्यांना सांगितले जाई, त्याच या बायका होत्या.

तरीही मी पहिल्या दिवशी वजनाला हात लावला नाही. फिजिओथेरपिस्टने मला एक काठी दिली आणि ती पाठीवर उभी धरायला लावली, अशी की डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांमधली जागा आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी ती टेकलेली राहील. मग वाकायला सांगितले. कंबरेतून वाकले की काठी माकडहाडापासून सुटायची, मान खाली घातली की डोक्यापासून. जन्मभर मी पाठीची कमान करून वाकत आले होते आणि खुब्यातून वाकणे म्हणजे काय हे मला साठीला शिकावे लागले. काठी न सुटता वाकायला मला तीन आठवडे लागले. ठिसूळ मणक्यांसाठी सर्वांत धोक्याचे असते ते पाठ गोल करून ओझे उचलणे, म्हणून हे तीन आठवडे मी सर्वांत मोलाचे मानते. ज्यांचा मणका आधीच दबलेला आहे, ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही, ज्यांना हृदयाचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणि शिकवणारे माणूस जवळ असल्याशिवाय यात पडू नये. मोबाइलवर पाहून तर कोणीच सुरुवात करू नये, असे माझे ठाम मत आहे.

एक गोष्ट कुजबुजत विचारली जाते, ती मी इथे उघड लिहिते. वजन उचलताना लघवीचे थेंब निसटतात का? माझे निसटत होते, आणि त्यापायी पहिल्या महिन्यात मी व्यायाम सोडायच्या बेतात होते. कटिरातल्या स्नायूंना आवळून सोडण्याचे व्यायाम अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये सुचवले आणि ते आजही उपयोगी पडतात. त्याबरोबर मला शिकवले गेले ते श्वास कोंडून न धरता वजन वर नेताना सोडणे. तीन-चार महिन्यांत फरक पडला. अंग बाहेर येण्याचा त्रास असेल तर मात्र आधी तपासणी करून घ्यावी. या वयात हे चालायचेच, असे म्हणून कित्येकजणी पॅड लावून गप्प बसतात, खळखळून हसणे टाळतात, लांबचा प्रवास टाळतात. त्यांच्याबद्दल मला फार कळकळ वाटते, कारण यावर उपचार आहेत.

केवळ वजनांवर मी विसंबलेले नाही, हेही सांगायला हवे. हाडांसाठी आठवड्यातून एक गोळी मी रिकाम्या पोटी, पेलाभर पाण्याबरोबर घेते आणि त्यानंतर अर्धा तास आडवी होत नाही. कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व यांकडे लक्ष देते. हार्मोन घ्यावेत का, हेही मी विचारले होते. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या चाचणीचा एक भाग २००२ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसल्याने थांबवावा लागला, ही बातमी सर्वदूर गेली. त्याच भागात हार्मोन घेणाऱ्या स्त्रियांचे खुबे कमी मोडले होते, ही बातमी तितकी गेली नाही. शिवाय त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, त्यामुळे पाळी नुकतीच गेलेल्या बाईचा हिशेब त्यावरून सरसकट मांडता येत नाही. माझी पाळी जाऊन दहा वर्षे होत आली होती, म्हणून आमचा निर्णय गोळीच्या बाजूने झाला. तुमचा वेगळा होऊ शकतो. दोन वर्षांनी पुन्हा केलेल्या तपासणीत माझ्या कण्याचा आकडा उणे २.५ आला. त्यातले श्रेय गोळीला किती आणि बारबेलला किती, हे मला सांगता येणार नाही.

पण गोळीने न होणारे एक काम वजनांनी केले आहे. गेल्या वर्षी जिना उतरताना माझी एक पायरी चुकली. पुढचा पाय झटकन खाली आला, मांडीने भार घेतला, हाताने कठडा धरला, आणि मी उभीच राहिले. वयाबरोबर स्नायूंतले झटपट आकसणारे तंतू आधी क्षीण होतात आणि पडता पडता सावरणे असते ते त्यांच्याच भरवशावर. खुबा मोडतो तो बहुतेक वेळा पडल्यामुळे, आणि तो मोडलेल्या पुष्कळ बायका पूर्वीसारख्या चालू शकत नाहीत. हाड घट्ट करायला मी गेले होते, पण रोजच्या जगण्यात मला जाणवते ती मांड्यांतली ताकद: जमिनीवर बसले तर कशालाही न धरता उठता येते, रात्री अंधारात पाय टाकताना छाती धडधडत नाही.

“आता माझ्याच्यानं होईल का?” हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. बॉस्टनमधल्या एका शुश्रूषागृहात राहणाऱ्या ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांकडून आठ आठवडे मांड्यांचा वजनांचा व्यायाम करून घेतला गेला, त्याचे निष्कर्ष १९९० मध्ये छापून आले: पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती. तुम्ही त्यांच्याहून तरुण आहात.

कुठून सुरुवात करावी, असे विचाराल तर एका खुर्चीपासून. हात छातीशी दुमडून घ्यावेत आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजावे. साठ ते चौसष्ट वर्षांच्या बाईला १२ वेळा जमले नाही, तर पायांची ताकद वयाच्या मानाने कमी समजतात. मी पहिल्यांदा मोजले तेव्हा ९ वेळा उठले होते. गेल्या महिन्यात १६ वेळा. खुर्ची बिनहाताची घ्या आणि तिची पाठ भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे ती मागे सरकणार नाही.