सर्वांत जास्त अँटिऑक्सिडंट कशात असतात?

आहारशास्त्र हा माझा विषय आहे असे कळले, की बहुतेक जण हाच प्रश्न विचारतात. विचारणाऱ्याला एखाद्या पदार्थाचे नाव हवे असते, म्हणजे तेवढा पदार्थ रोज पोटात गेला की निश्चिंत राहता येईल. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून असे एकच नाव मी का सांगत नाही, ते जरा सविस्तर लिहितो.

आपल्या पेशी ऑक्सिजनच्या साहाय्याने अन्नापासून ऊर्जा मिळवतात आणि ते करताना ऑक्सिजनचे काही अतिक्रियाशील रेणू तयार होतात. त्यांपैकी फ्री रॅडिकल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रेणूंमध्ये एक इलेक्ट्रॉन जोडीवाचून राहिलेला असतो. हे रेणू शेजारच्या स्निग्ध पदार्थांतून, प्रथिनांतून किंवा डीएनएमधून इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि तिथे बिघाड करतात. अँटिऑक्सिडंट त्यांना स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन ही ओढाताण थांबवते. मात्र या कामासाठी शरीर केवळ ताटावर अवलंबून नसते, हे फारसे कोणी सांगत नाही. मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये सुपरऑक्साइड डिस्म्युटेज या एन्झाइमचे, म्हणजे पेशीतील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाचे, कार्य दाखवून दिले. हे एन्झाइम, कॅटालेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज अशी यंत्रणा पेशींमध्ये अहोरात्र काम करत असते. त्या यंत्रणेला तांबे, जस्त, मँगनीज, लोह आणि सेलेनियम लागते व ते अन्नातूनच येते. त्यामुळे कडधान्ये, तेलबिया आणि मासे हेही या विषयात तितकेच मोलाचे आहेत, जरी जाहिरातींत फक्त गडद रंगाची फळे दिसत असली तरी. शिवाय हे रेणू सर्वस्वी शत्रूही नाहीत, कारण आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारण्यासाठी त्यांचाच वापर करतात.

पदार्थांना क्रमांक देणारे तक्ते कुठून आले, असे तुम्ही विचाराल. परीक्षानळीत एखाद्या पदार्थाचा अर्क फ्री रॅडिकलना किती रोखतो, हे मोजण्याची ओरॅक नावाची चाचणी आहे. अमेरिकेच्या कृषी विभागाने अशा आकड्यांचा मोठा तक्ता प्रसिद्ध केला होता आणि २०१२ मध्ये तो स्वतःच मागे घेतला, कारण या आकड्यांचा माणसाच्या आरोग्यावरील परिणामाशी संबंध सिद्ध होत नव्हता आणि विक्रेते त्यांचा सर्रास गैरवापर करत होते. वनस्पतींमधील बहुतेक पॉलिफेनॉल, म्हणजे तिथल्या अँटिऑक्सिडंट द्रव्यांचा एक मोठा गट, रक्तात फारच थोड्या प्रमाणात शोषली जातात, तीही आतड्यात आणि यकृतात रूप बदलून. उरलेली मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि तिथले जीवाणू त्यांचे विघटन करतात. परीक्षानळीत यातले काहीच घडत नाही.

गोळ्यांबद्दल मी अधिक आग्रहाने बोलतो, कारण तिथे प्रश्न केवळ पैसे वाया जाण्याचा राहत नाही. ज्यांच्या आहारात फळे-भाज्या जास्त आणि रक्तात बीटा-कॅरोटीन (गाजरासारख्या भाज्यांतले नारिंगी रंगद्रव्य, हेही अँटिऑक्सिडंटच) अधिक, त्यांना कर्करोग कमी होतो असे आढळले होते. तेव्हा बीटा-कॅरोटीनच वेगळे काढून दिले तर, असा विचार साहजिकच पुढे आला. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर ही चाचणी झाली. १९९४ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी जास्त निघाले. अमेरिकेत धूम्रपानाचा किंवा ॲस्बेस्टॉसचा संपर्क आलेल्या १८,३१४ जणांवरील चाचणीत बीटा-कॅरोटीनसोबत अ जीवनसत्त्व दिले होते. तिथेही हा कर्करोग २८ टक्क्यांनी वाढलेला दिसला आणि जानेवारी १९९६ मध्ये चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. पुढे ई जीवनसत्त्वाच्या ४०० युनिटच्या गोळीने पुरुषांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढल्याचे २०११ मध्ये समोर आले. गाजर खाऊन असे काही झालेले नाही. डोळ्यातील मॅक्युलाची, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यभागाची, झीज मध्यम अवस्थेत असलेल्यांना ठरावीक मिश्रणाच्या गोळ्यांचा उपयोग होतो, हा अपवाद मी मान्य करतो. पण तो नेत्रतज्ज्ञाने सांगितलेला उपचार आहे.

मग खायचे काय? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे आणि भाज्या सुचवते, आणि त्यांत बटाटा धरलेला नाही. माझ्या मते त्यापुढची गोष्ट म्हणजे विविधता, कारण ही द्रव्ये एकमेकांच्या आधाराने काम करतात: ई जीवनसत्त्व पेशींच्या आवरणाचे रक्षण करताना स्वतः खर्ची पडते आणि क जीवनसत्त्व त्याला पुन्हा कामास योग्य करते.

स्वयंपाकातही लक्ष देण्यासारखे बरेच आहे. बीट सोलून, चिरून भरपूर पाण्यात उकडले तर पाणी गडद लाल होते. तो रंग म्हणजे बीटामधील अँटिऑक्सिडंटच पाण्यात उतरलेले असते. क जीवनसत्त्वही असेच पाण्यात जाते, फक्त त्याला रंग नसल्याने ते दिसत नाही. म्हणून भाजी वाफवावी, किंवा उकडलेले पाणी आमटीत, सूपमध्ये वापरावे. याउलट टोमॅटो तेलात परतून पाहा: काही वेळाने कडेला सुटलेले तेल नारिंगी दिसू लागते. टोमॅटोतील लायकोपीन हे लाल रंगद्रव्य, तेही अँटिऑक्सिडंटच, स्निग्ध पदार्थात विरघळते, त्यामुळे शिजवलेल्या आणि थोडे तेल असलेल्या टोमॅटोतून ते कच्च्यापेक्षा चांगले शोषले जाते. कांदा सोलताना वाळलेल्या सालीबरोबर बाहेरचे रसरशीत पापुद्रे टाकू नयेत, कारण कांद्यातले क्वेर्सेटिन नावाचे पॉलिफेनॉल तिथेच अधिक असते. फळांचा रस गाळून घेण्यापेक्षा फळ चावून खावे, म्हणजे तंतूंना बांधलेली पॉलिफेनॉलही पोटात जातात.

तुमच्या घरात कोणावर कर्करोगाचे औषधोपचार किंवा किरणोपचार चालू असतील, तर अँटिऑक्सिडंटच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. अनेक उपचार कर्कपेशी मारण्यासाठी याच फ्री रॅडिकलचा आधार घेतात, आणि बाहेरून दिलेली गोळी त्या पेशींनाही संरक्षण देऊ शकते.