थर्टीन आणि थर्टी

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी नोकरीची सगळी वर्षं काढली. २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा आमच्या सातारा जिल्ह्यातल्या शाळेत पहिलीच्या पोरांना ए-बी-सी-डी मीच शिकवली. आमची स्वतःची पिढी पाचवीत इंग्रजीला लागलेली. निवृत्तीनंतर ग्रीन कार्ड मिळालं आणि मी सॅन होजेला लेकीकडे राहायला आले. इथं पाट्या, पत्रं, औषधाची माहिती सगळं वाचता येत होतं. समोरचा बोलायला लागला की मात्र निम्मं निसटायचं.

म्हणून कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, ईएसएलला नाव घातलं. ईएसएल म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठी इंग्रजीचे वर्ग. कॅलिफोर्नियात याचे दोन प्रकार आहेत. पुढं पदवीकडे जायचं असेल तर क्रेडिटचे कोर्स, त्यांना राज्यातल्या रहिवाशांसाठी युनिटमागे (कोर्स किती मोठा ते मोजायचं माप) ४६ डॉलर. नॉनक्रेडिटला फी नाही. मी नॉनक्रेडिटची. वर्गात व्हिएतनामी, मेक्सिकन, चिनी, अफगाण बायका-पुरुष. आमच्या बाईंना सगळ्यांनी नावानं हाक मारावी असं त्यांना वाटतं, पण व्हिएतनामी आज्या आणि मी 'टीचर'च म्हणतो. नाव तोंडातून निघतच नाही.

बाईंचा एक तास मी कधी विसरणार नाही. त्यांनी प्रत्येकाला एकेक जाड रबरबँड दिला. शब्दात जिथं जोर येतो तिथं तो ताणायचा, बाकी ठिकाणी सैल सोडायचा. 'फोटोग्राफ'ला सुरुवातीलाच ताण. 'फोटोग्राफर'ला 'टॉ'वर. 'फोटोग्राफिक'ला 'ग्रॅ'वर. मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण एकाच वजनानं म्हणतो, इंग्रजीत एक अक्षर उचललं जातं आणि शेजारची जवळजवळ गिळली जातात. मला ऐकू न येणारी अक्षरं होती ती हीच! इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं, पण आमच्या पाठ्यपुस्तकात किंवा प्रशिक्षणात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. स्पेलिंग, व्याकरण, भाषांतर, सगळं होतं. जोर नव्हता.

मग आकडे. 'थर्टी'त जोर पुढं, 'थर्टीन'मध्ये मागं. फिफ्टी-फिफ्टीन, सिक्स्टी-सिक्स्टीन तसंच. इथली माणसं शेवटच्या 'न'पेक्षा जोरावरूनच आकडा ओळखतात, आणि आपला जोर दोन्हीकडे सारखा. औषधाच्या दुकानात पंधरा आणि पन्नास मिलिग्रॅममध्ये काय फरक पडतो ते सांगायला नको. बाईंनी तोड सांगितली: शंका असेल तर 'वन फाइव्ह', 'फाइव्ह झीरो' असं सुटं म्हणा. त्या दिवशी आम्ही जोड्या करून एकमेकांना औषधांचे डोस सांगत बसलो.

त्याच आठवड्यात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती प्रत्येक मराठी घरात पोचायला हवी. सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यानं तुम्हाला दुभाषा फुकट द्यायचा असतो. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातून हा हक्क आलाय. नातवंडाला मध्ये बसवून त्याच्या तोंडून आपली दुखणी सांगायची नाहीत. मी वर्गात मनापासून मान डोलावली. दहा वर्षांच्या पोरानं आजीच्या गर्भाशयाबद्दल बोलावं, ही कुठली रीत?

एक गोष्ट मात्र शिक्षक म्हणून खटकते. अशा मोफत वर्गांना संघराज्य सरकारचाही पैसा मिळतो आणि त्यासाठी विद्यार्थी किती पुढं सरकला ते चाचणी घेऊन दाखवावं लागतं. आमची चाचणी वाचनाची आणि ऐकण्याची झाली. बोलण्याची झालीच नाही. माझ्या शेजारी बसणारी बाई पूर्वी कॅशियरशी नजर मिळवत नव्हती, आता चुकीचं बिल परत करते. हे त्या गुणांत कुठंच दिसत नाही, आणि माझ्या मते वर्गाचं खरं काम तेच आहे.

आपल्या ओळखीतले बरेच आई-वडील सहा महिन्यांसाठी व्हिजिटर व्हिसावर येतात. त्यांना अशा शिक्षणक्रमाला बसता येत नाही, तेव्हा नाव घालायची घाई करू नका. त्यांना सार्वजनिक वाचनालयातल्या इंग्रजी गप्पांच्या गटात घेऊन जा. सॅन होजेच्या वाचनालयांत असे गट भरतात. ग्रीन कार्डवाल्यांनी मात्र थेट कॉलेजात जावं, आणि 'आता या वयात काय' हे लेकी-सुनांपुढं म्हणू नये. आमच्या वर्गात सत्तरी ओलांडलेले आहेत, आणि गृहपाठ सगळ्यात आधी त्यांचाच होतो.