भाकरी संपली आहे

दुपारचे दोन वाजून गेले होते आणि मार्केट यार्डाच्या बाजूच्या एका खानावळीच्या दारात, खिळ्याला अडकवलेल्या पाटीवर खडूने 'भाकरी संपली आहे' असे लिहिलेले होते. आत गल्ल्यावर मालक शांतपणे नोटा सरळ करीत बसले होते, आणि बाहेर आलेली दोन गिऱ्हाइके ती पाटी वाचून, कसलीही कुरकुर न करता, उद्या लवकर यायला हवे असे एकमेकांना सांगत निघून गेली. मी घरून जेवून निघालो होतो, त्यामुळे त्या पाटीशी माझा तसा काही संबंध नव्हता. तरी तिथे थोडा वेळ रेंगाळलो.

आपल्याकडचे अन्न संपले हे इतक्या निर्विकारपणे जाहीर करणाऱ्या माणसावर माझा पहिल्यापासून विश्वास आहे. ज्या हॉटेलात सकाळी अकरापासून रात्री अकरापर्यंत सगळे काही मिळते, तिथे समोर आलेली भाजी नेमकी कोणत्या वेळची असेल या विचाराने माझे जेवणात लक्ष लागत नाही. घरात हा माझा विक्षिप्तपणा समजला जातो. प्लास्टिकच्या आवरणातले आठ पानी मेनूकार्ड हातात आले, त्यात आधी पंजाबी, मग चायनीज, मग साउथ इंडियन आणि अगदी शेवटच्या पानावर 'महाराष्ट्रीयन स्पेशल' या मथळ्याखाली पिठले-भाकरी दिसली, तीही खुद्द सांगलीत, की मी फक्त ताक मागवतो आणि मग घरी येईपर्यंत बायकोची बोलणी खातो.

मागे पुण्याहून भाचा येणार होता, तेव्हा त्याने फोनवर विचारले होते, "मामा, सांगलीत एकदम भारी काय मिळतं?" या प्रश्नाचे उत्तर गावातला कोणीही झोपेतसुद्धा भडंग असे देईल, आणि अडचण तिथेच सुरू होते. भडंग खायला नेमके कोणत्या हॉटेलात जावे हे सांगलीकराला सांगता येत नाही, कारण भडंग बसून खाण्याची जागा म्हणजे एक तर स्वतःचे घर किंवा कृष्णेचा घाट. दुकानात मिळतात ती पाकिटे, आणि पाहुणे ती घेऊन आपापल्या गावी जातात. ज्या पदार्थामुळे गाव ओळखले जाते तोच पदार्थ गावातल्या हॉटेलांच्या फळ्यावर सहसा नसतो, याचे बाहेरच्यांना फार नवल वाटते.

आम्हाला वाटत नाही, कारण भडंगाचा स्वभाव आम्हाला माहीत आहे. त्याला भेळेचे चुरमुरे चालत नाहीत. जाड, टपोरे चुरमुरे लागतात. तेलात आधी शेंगदाणे तळून काढायचे, त्याच तेलात सालासकट ठेचलेला लसूण आणि कढीपत्ता कुरकुरीत होऊ द्यायचा, मग आच बंद करून तेल जरासे निवू द्यायचे आणि त्यानंतरच तिखट, हळद, मीठ, मेतकूट आणि थोडी पिठीसाखर घालायची; घाई केली तर तिखट करपते आणि सगळा डबा कडवट होतो. ते तेल चुरमुऱ्यांना हाताने चोळावे लागते, झाऱ्याने हलवून भागत नाही. इथपर्यंतचे भडंग डब्यात पंधरा दिवस टिकते. परंतु त्यावर कांदा, कोथिंबीर आणि लिंबू पडले की त्याला पाच-दहा मिनिटांचेच आयुष्य उरते, आणि ते कोणत्या क्षणी घालायचे हे खाणाऱ्यानेच ठरवायचे असते. वेटरने स्वयंपाकघरातून टेबलापर्यंत आणेस्तोवर ते सादळेल. भडंगात शेव घालणारेही काही लोक आहेत. त्यांच्याविषयी मी इथे काही लिहीत नाही.

मिसळीचे तसे नाही. ती हॉटेलचीच. पन्नासेक किलोमीटरवरच्या कोल्हापूरने तिच्यावर आपले नाव आधीच कोरून ठेवले असल्यामुळे आमची मिसळ कायम धाकट्या भावाच्या भूमिकेत वावरते, पण पावाऐवजी स्लाइस ब्रेड आणि मागाल तितका कट ही शिस्त इकडेही तीच आहे. माझी वैयक्तिक आवड कट वडा ही आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली आणि पेठेतली दुकाने पाण्याखाली राहिली. पाणी ओसरल्यावर चिखल उपसायला गेलो, तेव्हा मला पहिली पेटलेली दिसली ती एका चहा-वड्याच्या गाड्याची शेगडी. पायात गुडघ्यापर्यंत गाळ, आणि हातात कटात बुडालेला वडा. तो वडा चांगला होता की नव्हता हे मला आजही ठरवता येत नाही, पण गाड्याभोवती कोणी चवीची चर्चा करीत नव्हते एवढे आठवते.

खानावळीची पाटी वाचताना मात्र मला आठवले ते आजोबा. त्यांना आम्ही आबा म्हणत असू. कसबे डिग्रजच्या अलीकडे नदीकाठी त्यांची जमीन होती आणि शिजवून, वाळवून, पॉलिश केलेली हळद घेऊन ते सांगलीच्या अडत्याकडे येत असत. सुट्टीत मीही पोत्यांवर बसून सोबत जायचो. त्या काळी हरिपूरच्या पेवांत हळद साठवली जात असे. अरुंद तोंडाचे आणि मोठ्या पोटाचे ते खड्डे जमिनीच्या आत गुडूप असायचे, आणि त्या मातीत हळद वर्षानुवर्षे किडीशिवाय राहायची. २००५ च्या पुरात पाणी त्यांच्यात शिरले आणि बहुतेक पेवे निकामी झाली. आता हळद गोदामांत आणि शीतगृहांत असते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तोवर ज्या मातीने ती सांभाळली होती तिचे काम संपून गेले होते. आबांनी यांतले काहीच पाहिले नाही. त्यांची काळजी एवढीच असायची, की सौदा बारापर्यंत आटोपला पाहिजे, नाही तर अक्काकडची भाकरी संपते.

अक्कांची लिंगायत खानावळ एका बोळात होती. वर नावाचा बोर्ड नव्हता, टेबल-खुर्च्या नव्हत्या. भिंतीलगत पाट मांडलेले असायचे आणि समोर पितळी. अक्का आतल्या खोलीत चुलीपुढे बसलेल्या दिसत. काटवटीत पिठाचा गोळा मळून, दोन्ही हातांनी थापून, तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूने पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची आणि मग तवा बाजूला सारून भाकरी निखाऱ्यापुढे उभी करायची, हे सगळे त्या दाराकडे बघत, आलेल्या माणसांना ओळखीची मान हलवत करीत असत. निखाऱ्यापुढे भाकरी फुगली की तिच्या कडेला एक बारीक छिद्र पडे आणि त्यातून वाफेची सुरसुरती रेघ निघे. ती थांबायच्या आत भाकरी पितळीत आलेली असे. सोबत कृष्णाकाठच्या, जेमतेम लिंबाएवढ्या वांग्यांची दाण्याचा कूट भरून केलेली भाजी, तेल सोडलेली शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा खर्डा, आणि बुक्कीने फोडलेला कांदा. आबा दोन भाकऱ्या आमटीत कुस्करून आणि तिसरी भाजीशी खात.

"पोरगं ल्हान हाय, अर्धीच घाल," असे आबा एकदा म्हणाले, तेव्हा अक्कांनी अख्खी भाकरी माझ्यापुढे ठेवली. "आमच्यात अर्धी नसती. खाईल की. कुठं पळत जायाचंय त्याला?"

मी ती खाल्ली. त्या पंगतीत माझ्याशिवाय सगळे हमाल, गाडीवान आणि हळदीबरोबर आलेले शेतकरी असत. तिथे कोणी जेवणाचे कौतुक केल्याचे मला आठवत नाही. एकदा मात्र आमटी जरा पातळ झाली होती, तेव्हा एका हमालाने पितळी किंचित वाकडी करून ती आमटी कडेपर्यंत वाहू दिली आणि आतल्या खोलीकडे फक्त पाहिले. दुसऱ्या दिवशीही आम्ही मुक्कामाला होतो. आमटी दाट होती.

त्या हमालाला रोज तिथेच जेवायचे होते, आणि रोज येणाऱ्याला फसवता येत नाही. हौसेने येणारा माणूस एकदा येतो, फोटो काढतो, मोबाइलवर तारे देतो आणि निघून जातो. त्याला पातळ आमटी वाढली तरी दुकानाचे काही बिघडत नाही. म्हणून बाहेरगावच्या माणसाला माझे सांगणे असे असते, की चांगले कुठे मिळते हे विचारत बसू नये, या गावात नाइलाजाने बाहेर कोणाला जेवावे लागते ते शोधावे आणि त्याच्या मागे जावे.

जिल्ह्याच्या पश्चिमेला उसाचा पट्टा आणि पुणे-बंगळूर महामार्ग आहे, तिथे तो माणूस ट्रकचा ड्रायव्हर असतो. इस्लामपूर, पेठ नाका, कऱ्हाड या बाजूच्या ढाब्यांवरचा अख्खा मसूर आज नावाजला आहे आणि लोक मोटारी काढून तो खायला जातात. परंतु मुळात तो घरोघरच्या कांदा-लसूण चटणीत शिजवलेली एक कडधान्याची भाजी, आणि तिची ख्याती रोटीबरोबर ती पोटाला धरते यामुळे झाली असावी. पूर्वेला जतकडे जावे तर पाऊस कमी आणि कानडी जास्त होत जाते, भाकरी कडक होत जाते आणि शेंगाचटणीत लसूण वाढत जातो. कडक भाकरी प्रवासात खराब होत नाही, त्यामुळे तिकडचा माणूस बाहेर जेवायला लागण्याचा प्रश्न घरूनच सोडवून निघतो. राहता राहिले विश्रामबागेकडचे विद्यार्थी. विलिंग्डन कॉलेज १९१९ पासून आणि वालचंद इंजिनीअरिंग कॉलेज १९४७ पासून तिथे असल्यामुळे त्यांच्या खाण्याची सोय करणाऱ्यांच्या पिढ्या झाल्या, पण विद्यार्थ्यांचे मत मी धरत नाही, कारण त्या वयातली भूक निवाडा करण्याच्या स्थितीत नसते.

आणि मिरज.

डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून ते गाव दवाखान्यांचे झाले. बेळगाव, विजापूर, कोकण, कुठून कुठून लोक तिथे येतात, आणि एका पेशंटबरोबर दोन-तीन माणसे येतात. या माणसांना घर नसते, चूल नसते, आणि भुकेची वेळही नसते. बाबा तिथल्या एका दवाखान्यात होते तेव्हा रात्रपाळी माझी असे, आणि पहाटे सहाला भाऊ आला की मी समोरच्या गल्लीतल्या एका लहान हॉटेलात उप्पीट खायला जात असे. खमंग भाजलेला जाड रवा, ज्याला तिखट नको त्याला सहज काढून टाकता यावी म्हणून उभी चिरलेली मिरची, साखर अजिबात नाही, कडेला वाटीत पातळ खोबऱ्याची चटणी. मोकळे, वाफाळते, हाताला न चिकटणारे. मालक गिऱ्हाइकाला नावाने ओळखत नसत, मजल्याने ओळखत. "तिसरा मजला, आज डबा किती?" असे विचारीत, आणि ज्याच्याकडे सुटे नसत त्याचे पैसे वहीत मांडून ठेवीत. एखादा मजला दोन दिवस दिसला नाही, तर त्याच्या नावावर रेघ मारीत. मागे कोणी पैसे द्यायला आले, तर घेत. नाही आले, तर काही म्हणत नसत.

इतके चांगले उप्पीट मी आजवर दुसरीकडे खाल्लेले नाही. ते हॉटेल मी कोणालाही सुचवीत नाही. ज्याला तिथे जायची वेळ येते, त्याला ते कोणी सांगावे लागत नाही.