जाड चामड्यासाठी जुनं इंडस्ट्रियल मशीन पारखताना: माझा अनुभव

जुनं शिलाई मशीन बघायला जाताना मी शिवायचंय तेच चामडं घेऊन जातो. एक ४ मिमीचा तुकडा, एक दोन थर चिकटवून ८ मिमी केलेला, नेहमीचा दोरा, २२ आणि २४ नंबरच्या कोऱ्या सुया, स्टीलची पट्टी आणि टॉर्च. विकणारा बहुधा कापडाच्या घडीवर भरधाव शिलाई मारून दाखवतो. त्यावरून चामड्याबद्दल काहीही कळत नाही.

आधी फीड, म्हणजे माल पुढे सरकवणारी यंत्रणा, बघायचं. फक्त खालच्या दात्यांवर माल ओढणारं मशीन कितीही दणकट दिसलं तरी मी पुढे तपासत नाही. खालचा थर सरकतो, वरचा फूटखाली (माल वरून दाबून धरणाऱ्या पायाखाली) अडतो आणि चामड्यावर दात्यांचे वळ उठतात. आपल्याला कंपाउंड फीड हवं, म्हणजे दाते, सुई आणि आतला फूट तिन्ही मिळून माल नेणारं. चाक हाताने सावकाश फिरवलं की कळतं: मालात रुतलेली सुई आतल्या फूटसोबत मागे सरकली पाहिजे. जुकी ५६३, सिंगर १११डब्ल्यू१५५, फाफ ५४५ ही या गटातली. यांच्यावर ९ ते १० मिमीपर्यंतचं काम आणि १३८ नंबरचा (टेक्स १३५) दोरा निर्धास्त चालतो. २०७ नंबर वरून जेमतेम चालतो, बॉबिनमध्ये मात्र कुरकुर सुरू होते. खोगीर किंवा १२ मिमीच्या पुढचं काम असेल तर ४४१ जातीचं सिलिंडर आर्मच (नळीसारख्या हाताचं मोठं मशीन) हवं. टेन्शन (दोऱ्याचा ताण) आवळून ही तफावत भरून निघत नाही.

मग मोटर बंद ठेवून बेल्ट काढायचा आणि चाक पूर्ण फेरा फिरवायचं. संपूर्ण फेऱ्यात सारखंच जड लागत असेल तर तेल वाळून चिकट झालंय, ते रॉकेल आणि नवं तेल देऊन सुटतं. एकाच जागी अडकत असेल तर काहीतरी वाकलंय किंवा घासतंय, तिथे मी थांबतो. सुई बसते तो सुईदांडा चिमटीत धरून बाजूला हलवून बघतो. जाणवेल इतका ढिला असेल तर बुशिंग (दांडा ज्यात सरकतो ती नळी) झिजलंय, आणि टाके चुकण्याचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं. चाकावरचा, टेबलावरचा गंज चालतो. सुईदांड्यावरचा आणि हुकच्या टोकावरचा चालत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी हुकला, म्हणजे सुईचा दोरा खाली पकडून टाका बांधणाऱ्या भागाला, देतो. कोरी सुई बसवून हुकवरची सरकपट्टी उघडायची. सुई तळाला नेऊन साधारण २ ते २.५ मिमी वर आली की हुकचं टोक सुईच्या मागच्या खाचेत, नेढ्याच्या जेमतेम दीड मिमी वर यायला हवं. दोघांत कागदाएवढी फट असावी, स्पर्श नको. टोक बोथट असेल, त्यावर नख अडकत असेल तर जाड दोरा तिथेच फाटत राहणार. टायमिंग (सुई आणि हुकचा मेळ) पूर्णच फिरलेलं दिसलं तरी लगेच नकार देऊ नका. सिंगर १११ आणि जुकी ५६३ मध्ये दोरा अडकल्यावर सुटणारा सेफ्टी क्लच असतो. जुकीवर बेडवरचं (मशीनच्या तळपाटीवरचं) बटण दाबून धरायचं आणि चाक जोर लावून उलटं फिरवायचं, खट् आवाज येऊन तो परत बसतो. ‘मशीन शिवत नाही’ म्हणून काढलेलं मशीन कधीकधी एवढ्यावरच चालू होतं.

आता दोऱ्याशिवाय ४ मिमीच्या तुकड्यावर टाका ५ मिमीवर लावून दहा टाके. पट्टीवर ५० मिमी भरले पाहिजेत. मशीनला रिव्हर्स असेल तर मग त्याचा दांडा दाबून त्याच वाटेने मागे. सुई जुन्याच भोकांत पडली तर फीड ठीक. ८ मिमीवर टाका थोडा आखूड होतोच, पण ५० चे ४२ झाले तर फूटचा दाब कमी आहे किंवा दाते झिजलेत. दाब वाढवून आकडा सुधारला नाही तर दाते.

दोरा ओवल्यावर १३८ नंबरला २२ ची सुई, २०७ ला २४ ची. ४ मिमीवरून ८ मिमीवर चढायचं आणि परत उतरायचं, हीच खरी परीक्षा. चढताना टाका चुकला तर आतल्या-बाहेरच्या फूटची उचल बघा. ती दोघांची सारखी हवी. गाठ खालच्या बाजूला लोंबत असेल तर वरच्या टेन्शनच्या चकत्या तपासा. दोऱ्याने त्यांत चर पडलेले असतात, आणि चकत्या बदलणं सोपं आहे.

मोटरवरून मी मशीन कधी नाकारत नाही. मिनिटाला १४२५ फेऱ्यांची क्लच मोटर (सतत फिरणारी जुनी मोटर), ५० मिमीची पुली आणि चाकावर १०० मिमीची, म्हणजे मिनिटाला सातशेच्या वर टाके. जाड चामड्याला सेकंदाला एक-दोन पुरतात, म्हणून ती मोटर तशीही काढावीच लागते. सर्व्हो (वेग कमी-जास्त करता येणारी मोटर) बसवताना सोबत तीनास एकचा रिड्यूसर (वेग कमी करून जोर वाढवणारी पुली) घ्या, नुसती सर्व्हो मंद वेगात जाड थराला दम टाकते.

नेताना डोकं टेबलापासून सुटं करा, गुडघ्याने फूट उचलायचा दांडा आधी काढा, आणि उचलताना चाकाला किंवा सुईदांड्याला धरू नका.