तुम्ही विचारलंत म्हणून: टेबल सॉच्या पंखातच राउटर का बसवला?

माझ्या सुतारकामाच्या शेडमध्ये येणारे बहुतेक जण टेबल सॉच्या (टेबलातून गोल पातं वर येणाऱ्या करवतीच्या) उजव्या टोकाशी थांबतात आणि विचारतात, "दादा, राउटरला वेगळं टेबल का नाही केलं? चांगला पंख काढून हे कशाला बसवलं?" राउटर म्हणजे बिट नावाचं धारदार हत्यार गरगर फिरवून लाकडात खाच मारणारं यंत्र, आणि पंख म्हणजे सॉच्या मधल्या बेडला बाजूने जोडलेला टेबलाचा भाग. उत्तरही बऱ्याचदा विचारणाराच देऊन टाकतो: जागा नसेल. जागा वाचली, हे खरंच आहे. नागपुरात घरामागे टिनाचं शेड टाकून काम करणाऱ्याला आणखी एका टेबलाची अडचण नकोच असते. पण मी राउटर पंखात बसवला तो फेन्समुळे, म्हणजे लाकूड जिला टेकवून सरळ सरकवतात त्या आडव्या पट्टीमुळे. शेड दुप्पट मोठं असतं तरी हेच केलं असतं.

राउटर टेबलात अवघड गोष्टी दोनच. वरचा भाग वाकता कामा नये, आणि फेन्स सरळ, घट्ट आणि हवी तेवढीच सरकणारी पाहिजे. घरी केलेली टेबलं नेमकी इथेच मार खातात: मधोमध खड्डा पडतो, फेन्स एका टोकाला सैल होते. टेबल सॉमध्ये बिडाचा सपाट बेड आणि रेलवर सरकून एका दांड्याने आवळली जाणारी फेन्स आधीच असते. त्यासाठी पैसे मोजलेले असतात. मग तीच फेन्स राउटरला का वापरू नये?

पंख मी 18 मिमी मरीन प्लायचे दोन थर चिकटवून केला. एमडीएफ सपाट असतं, कापायलाही सोपं, पण आपल्याकडे मे महिन्यात पारा 45च्या वर आणि जुलैत भिंतीला ओल. उघड्या कडेतून एमडीएफ ओल ओढतं आणि फुगतं. सनमायका वरून लावाल तसा खालूनही लावा. एकाच बाजूने लावला तर हवा बदलली की फळी वाकते. कडांना सागाच्या पट्टीचं लिपिंग. अर्ध्या इंची कॉलेटचा (बिट पकडणाऱ्या तोंडाचा) प्लंज राउटर पाच-सहा किलोचा असतो आणि तो रात्रंदिवस उलटा टांगलेला राहतो, म्हणून पंख पुढच्या-मागच्या रेलला बोल्टने धरलाय, खाली लोखंडी अँगल दिलेत आणि बाहेरच्या टोकाला जमिनीपर्यंत एक पाय. भोक पाडण्याआधी एक गोष्ट जरूर बघा: सॉचं पातं 45 अंशांना झुकवा आणि खाली मोटर कुठपर्यंत येते ते तपासा. काही सॉंना उजव्या अंगालाच मोटरचं झाकण असतं, राउटर नेमका त्यावर आपटतो.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो प्लेटला, म्हणजे राउटर जिला खालून टांगतात तिला. ॲल्युमिनियमची प्लेट पंखावर ठेवायची, तिच्या चारही बाजूंना सरळ पट्ट्या अगदी भिडवून दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बसवायच्या, मग प्लेट उचलून त्या पट्ट्यांच्या आधाराने, वर बेअरिंग असलेल्या बिटाने खाच मारायची. खाच प्लेटच्या जाडीपेक्षा किंचित खोल. आत काठ ठेवून मधला भाग जिगसॉने काढायचा. प्लेट काठावर टेकते आणि कोपऱ्यातल्या स्क्रूंनी वर-खाली होते. आता लांब स्टीलपट्टी बिडाच्या बेडवरून थेट प्लेटवर आडवी ठेवा, बोटाने दाबा आणि खालून कागदाचा कपटा सरकवून बघा. बेड, पंख, प्लेट, तिन्ही एका पातळीत येईपर्यंत स्क्रू फिरवत राहा. यात कंटाळा केलात तर लाकूड प्रत्येक वेळी त्याच कडेला अडेल आणि खाचेत तिथेच पायरी दिसेल.

आता सुरक्षेचं, आणि हे मी प्रत्येकाला जवळ उभं करून दाखवतो. मी फेन्स बिटाच्या डाव्या अंगाला, म्हणजे पातं आणि बिट यांच्या मध्ये ठेवतो आणि टेबलाच्या उजव्या टोकाला उभा राहतो. फेन्सला प्लायची उभी पट्टी क्लॅम्पने आवळलेली असते, बिट तिच्या खाचेत अर्धवट लपतं. टेबलाखाली उलटा लावलेला राउटर वरून पाहिल्यास घड्याळाच्या उलट फिरतो, त्यामुळे लाकूड माझ्या उजवीकडून डावीकडे गेलं पाहिजे. म्हणजे सॉच्या मागच्या बाजूकडून पुढे. सॉवर आपण पुढून मागे ढकलतो, राउटरवर बरोबर उलट. एकाच मशीनवर दोन दिशा, म्हणून पंखावर लाल रंगाने बाण काढलाय. बिट आणि फेन्स यांच्या मधून लाकूड कधीच घालायचं नाही. ते हातातून हिसकावलं जातं. राउटर चालू असताना पातं बेडखाली.

राउटरचा स्वतःचा स्विच खाली हाताला लागत नाही, म्हणून पंखाच्या पुढच्या कडेला वेगळा स्विच हवा, तोही वीज गेल्यावर आपोआप बंद होणारा. लाइट गेली, आपण बिटाशी हात घातला आणि लाइट आली, हे आपल्या गावात घडू शकतं. बिट बदलताना तरीही प्लग काढाच.

लकडगंजातल्या लाकूडबाजारातून आणलेल्या सागवानावर काम करणाऱ्यांनी कार्बाइडची बिटं घ्यावीत. सागात सिलिका असते, साध्या पोलादाची धार लवकर जाते. आणि मोठं बिट पूर्ण वेगात फिरवू नका. 50 मिमी व्यासाच्या बिटाची धार 22,000 फेऱ्यांना सेकंदाला सुमारे 58 मीटर पळते. वेग 10,000वर आणला की ती 26 मीटरवर येते, काम स्वच्छ होतं आणि लाकूडही जळत नाही.

तोटा एकच, पण खरा आहे. खाचेसाठी फेन्स लावली की फळी चिरता येत नाही, आणि चिरायला फेन्स हलवली की खाचेचं माप गेलं. मी देवघरं आणि खिडक्यांच्या चौकटी करतो, त्यामुळे आधी सगळं लाकूड चिरून घेतो, गठ्ठे लावतो, मग राउटर सुरू करतो. खाच मारण्याआधी दोन-तीन जादा पट्ट्याही कापून ठेवतो. ज्यांना दिवसभर आळीपाळीने दोन्ही कामं करायची आहेत, दोन माणसं एकाच वेळी हात चालवणार आहेत, त्यांना मी सरळ सांगतो: भाऊ, तुम्ही वेगळं टेबलच करा, फक्त फेन्सवर पैसे वाचवू नका.